सातव्यानंतरचे पाच

४ मार्च

ही वही मी सूड घेण्यासाठी आणली आहे. पहिल्याच पानावर तसं स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन पातळ झालं तर स्वतःलाच दाखवता येईल.

आज आमच्या बँडच्या चाहत्यांच्या मंडळाची पत्रिका आली. माझं पत्र छापून आलंय. बँडचा दहावा अल्बम चांगला का आहे, हे मी दोन वर्षं मनात घोळवत होते आणि तीन आठवडे लिहीत होते. दादानं त्यातलं एक अक्षरही गाळलं नाही. खाली नऊ तळटीपा तेवढ्या घातल्या. अध्यक्ष तो, संपादक तो, थोरला भाऊ तो. विचारणार कोण?

दहाव्या अल्बममध्ये शांततेच्या जागा आहेत आणि त्या भरलेल्या आहेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तळटीप चार : 'लेखिका कवळ्या बनवण्याच्या व्यवसायात आहेत. पोकळी दिसली की पदरचं काहीतरी भरायचं, ही त्यांची सवय.' तळटीप सात म्हणजे नुसतं एक उद्गारचिन्ह.

दुपारी तीन फोन आले. तिघंही आधी हसले आणि मग म्हणाले, मनावर घेऊ नका.

घेतलं.

५ मार्च

रात्री झोप बरी लागली. राग असला की मला झोप चांगली लागते.

आमच्या मंडळात चाळीसेक माणसं आणि एकच भांडण. बँडचे अल्बम बारा. सातव्यानंतर जुना कीबोर्डवाला सोडून गेला. वीस-वीस मिनिटांच्या रचना गेल्या, मधेच ताल बदलून ऐकणाऱ्याला तोंडघशी पाडणं गेलं. गायकाचा आवाज चिरकला, ड्रमवाल्याचं मनगट दुखायला लागलं, गाणी हळू आणि छोटी झाली. दादासकट बहुतेक सगळे 'सातवाले' : सातव्यानंतर बँड मेला, पुढचे पाच म्हणजे नुसते सुतकाचे दिवस. 'बारावाले' आम्ही दोघंच, मी आणि रेडिओकाका. काका रेडिओवर रेकॉर्डिंगचं काम करायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी खोलीत आल्यावर आधी भिंतींकडे बघतात, आवाज कुठून परत येईल ते.

पण खरं कारण अल्बम नव्हेत. खरं कारण अडतीस वर्षांचं आहे.

मी एकोणीस वर्षांची होते. दादानं मित्रांना जमवून स्वतःचा बँड काढला होता आणि ऑर्गन मी वाजवायची. पहिल्या जाहीर कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी त्यानं मला उठवून माझ्या जागी मित्राला बसवलं. चौघांच्या देखत म्हणाला, "बोटं चालतात तुझी. आत काही नाही." कार्यक्रमाच्या दिवशी मी दाराशी तिकिटं फाडत उभी होते. मित्र तिसऱ्या गाण्यात अडकला. मला आनंद झाला आणि तो आनंदही नीट घेता आला नाही, कारण मला पुढचं सगळं येत होतं.

त्यानंतर कुणासमोर वाजवलेलं नाही. ऑर्गन माळ्यावर आहे.

९ मार्च

दादाकडे रविवारची बैठक. न जाणं म्हणजे लागलं हे कबूल करणं, म्हणून गेले. नवी साडी नेसून गेले.

मंडळातले वकील म्हणाले, "काय ताई, पोकळी भरली का?" सगळे हसले. वहिनी आतून कपांचा ट्रे घेऊन आली आणि त्यांच्यापुढचा कप तिनं जरा आदळूनच ठेवला.

रेडिओकाकांनी मुद्दा काढला. "अकराव्यातलं शेवटचं गाणं नीट ऐका. तो नवा कीबोर्डवाला चार सुरांत..."

"चारच येत असतील त्याला," दादा म्हणाला. "काका, म्हातारपणी माणसानं एकतर चांगलं बोलावं, नाहीतर गप्प बसावं. ही मंडळी हळू आवाजात बडबड करतात आणि तुम्ही त्याला खोली म्हणता."

"दाखवायची गरज संपली की माणूस हळूच बोलतो," मी म्हटलं.

"छोटे, दाखवायला काही उरलं नाही की त्यालाच गरज संपली म्हणतात." मग पाय लांब करून म्हणाला, "जुन्या कीबोर्डवाल्याची दोन मिनिटं लावा. कुठलीही लावा. डोळे झाकून ओळखतो. त्याच्यासारखा दुसरा जन्मला नाही आणि त्याची नक्कल मला फसवूही शकत नाही."

घरी येताना दोन स्टॉप पुढे गेले, एवढा विचार करत होते.

१४ मार्च

काकांना सांगितलं. जुन्या कीबोर्डवाल्याच्या नावानं एक रचना मी करणार. जुन्या ऑर्गनवर वाजवणार आणि काका ती त्यांच्या जुन्या यंत्रावर जुन्या टेपवर घेणार. कुठल्याशा ट्रंकेत सापडली असं सांगून दादाला देणार. तो कौतुक करेल, लिहील, छापेल. आणि वार्षिक बैठकीत, त्याचं भाषण झाल्यावर, मी उठून सांगणार.

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला. "तो तुमचा भाऊ आहे, ताई."

"म्हणूनच तर."

"आणि त्याला नाहीच आवडलं तर?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी म्हटलं, आवडेल. काका म्हणाले, कोऱ्या टेपची दोन रिळं कपाटात पडून आहेत, वापरायला काहीतरी कारण हवंच होतं.

२२ मार्च

ऑर्गन खाली काढला. दोन पट्ट्या मुक्या होत्या, त्या काकांनी दुरुस्त केल्या. माझी बोटं कोण दुरुस्त करणार? लाकडाची झाली आहेत. तो पुढच्या खोलीत ठेवलाय, कामाच्या टेबलाशेजारी. एका बाजूला प्लास्टरचे जबडे, दुसऱ्या बाजूला मी.

पण नकलेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं मी खोटे दात करते. नवखा माणूस सगळे दात सरळ आणि सारखे लावतो आणि ते दुरून ओळखू येतात. खरं वाटायला हवं तर एक दात जरासा वळवावा लागतो, एकाची कड झिजवावी लागते. म्हणून जुन्या कीबोर्डवाल्याच्या धावत्या जागा हुबेहूब उचलायच्या नाहीत. तो कुठे दमतो, ते शोधायचं.

सकाळी सहा ते आठ रियाज. शेजारीण म्हणाली, "कुणी आलंय का राहायला?"

२ एप्रिल

दंतवैद्यबाईंकडून नवीन कामं आली. त्यात एक साचा उघडला आणि बघतच राहिले. वरचा पुढचा एक दात करायचाय. खाली तो वाकडा दात, लहानपणी जिन्यावरून मी ढकललं होतं तेव्हाचा. दादाचं तोंड माझ्या टेबलावर, आणि बोलत नव्हतं!

दाढा पार झिजल्यात. झोपेत कराकरा दात खात असणार, तेही वर्षानुवर्षं. कुणावर दात खातो कोण जाणे. सगळं तर त्याच्या मनासारखं होतं. (बाईंनी मलाही झोपताना दातांवर घालायला पट्टी दिलीय, पण माझं कारण वेगळं आहे. मला मान अवघडते.)

दात केला. शेजारच्या दातांपेक्षा एक छटा पांढरा. फार नाही. आरशात बघताना काहीतरी खटकावं आणि काय ते कळू नये, एवढाच.

११ एप्रिल

वहिनीचा फोन. "अगं, यांना तो दात इतका आवडलाय! सारखे हसतात. काल फोटो काढून घेतला."

जाऊ दे. मोठं काम चाललंय, किरकोळीकडे लक्ष नको.

१८ एप्रिल

आज गंमत झाली. सकाळी बसले. सुरुवातीची चार मिनिटं पक्की झाली आहेत, तालाचे फेरे, धावपळ, सगळं त्याच्यासारखं. पुढे जाईना. कंटाळून एकच सूर दाबून धरला, सोडला आणि तो खोलीत विरेपर्यंत ऐकत बसले. मग दुसरा. मग त्या दोघांच्या मधे काय आहे ते. वर बघितलं तर साडेदहा वाजलेले. दोन कवळ्या आज द्यायच्या होत्या, त्यांचं मेणसुद्धा लावलं नव्हतं.

मधला भाग झाला. कसा झाला ते सांगता येत नाही.

सूड मात्र दोन-अडीच तास पूर्ण विसरले होते. उद्यापासून लक्ष ठेवायला हवं.

२७ एप्रिल

सकाळी अकरा वाजता काकांनी यंत्र इथेच आणून लावलं. पंखा बंद, खिडक्या बंद. घाम डोळ्यांत जात होता. समोर माणूस आहे हे विसरण्यासाठी मी शेल्फावरच्या जबड्यांकडे बघत वाजवलं.

संपल्यावर काकांनी यंत्र बंद केलं. मी विचारलं, "पुन्हा घेऊ या?"

"नको," ते म्हणाले. टेप डब्यात घातली, डबा पिशवीत घातला आणि पिशवी पोटाशी धरून गेले. त्यांचा चष्मा इथेच राहिला.

४ मे

मासा गळाला लागला.

काकांनी परवा टेप दिली. आज वहिनी स्वतः आली, पायऱ्या चढून, गुडघे दुखत असताना. "काय दिलंय काकांनी यांना? काल दुपारी ऐकायला बसले ते जेवायला उठलेच नाहीत. दार ढकललं तर डोळे पुसत होते. मला म्हणाले, तू पण बस. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले."

"मग बसलीस?"

"मला बाई ते सगळं सारखंच वाटतं. पण मधे एक जागा आली ना, तिथे स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो उठून बंद करून आले." मग ऑर्गनकडे बघून म्हणाली, "हा कधी काढलास खाली?"

"धूळ झटकायला."

वहिनी त्याच्यावर बोट फिरवत राहिली. बोटाला धूळ लागली नाही. तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही, सुदैवानं.

११ मे

पत्रिकेचा खास अंक. दादाचा चार पानी लेख. तळटीप एकही नाही.

'पहिली चार मिनिटं ओळखीची आहेत. पाचव्या मिनिटाला हा माणूस थांबतो, आणि तो थांबतो तेव्हा आपल्याला कळतं की इतका वेळ तो आपल्यासाठी धावत होता, आता स्वतःसाठी बसला आहे. इतकं एकटं आणि इतकं भरलेलं वाजवणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही.'

काकांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, हे तर दहाव्या अल्बमचं वर्णन झालं. तुमच्या पत्रात हेच होतं की!" खरंच आहे. ज्याची त्यानं टर उडवली, त्याच्याच पायाशी बसलाय. यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

लेख सहा वेळा वाचला. पुरावा म्हणून. कापून वहीत चिकटवलाय.

१८ मे

लिहिते.

वार्षिक बैठकीला वाचनालयाच्या वरचा हॉल भरला होता. टेप लावली. अकरा मिनिटं कुणी खुर्ची हलवली नाही. मग दादाचं भाषण : "हे ऐकल्यावर ज्याला आठवा अल्बम ऐकावासा वाटेल, त्यानं सभासदत्व परत करावं." हशा, टाळ्या. नवा दात लखलखत होता.

मी उठले. दोन पानांचं भाषण पर्समध्ये होतं, पर्सची चेन अडकली.

"दादा, ते मी वाजवलंय."

"काय?"

"टेपवरचं. मी वाजवलंय. सत्तावीस एप्रिलला, माझ्या घरी."

आधी कुणाला काही कळलं नाही, मग मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. वकील उभे राहून म्हणाले, "पुरावा काय?"

"मी रेकॉर्ड केलंय," काका उठले.

"म्हणजे दोघंही बारावाले! काका, ट्रंक म्हणाला होतात ना तुम्ही? तेव्हा खोटं बोलत होतात की आता?" वकील सगळ्यांकडे वळले. "वाद हरला की माणसं काय काय करतात बघा. अहो, नंतरचे पाच वाचवायला हा खटाटोप!"

मी फक्त दादाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला, एक क्षणभर, मग त्यानं कागद नीट केले.

"छोटे," तो म्हणाला, "बस खाली. तुझ्याच्यानं हे होणार नाही."

तोच आवाज. अडतीस वर्षांत जराही जुना झाला नाही.

मी बसले नाही. जिना उतरून आले. सूड म्हणून जे काही ठरवलं होतं, त्याचं असं झालं : माझ्या हातून आयुष्यात एक चांगली गोष्ट झाली आणि ती मी स्वतःच दुसऱ्याच्या नावावर करून आले.

१९ मे

सकाळी नऊ वाजता दार वाजलं. दादा. एकटाच. दाढी केलेली नव्हती.

"वाजव," म्हणाला.

"का? वकिलांना आणलंयस का सोबत?"

"वाजव गं."

"तुझ्या घरची नोकर नाही मी. काल चाळीस माणसांत..."

"तू उभी राहिलीस तेव्हाच मला कळलं होतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय कळलं होतं?"

"की तू खरं बोलतेयस."

"मग?"

"मग काय? चाळीस माणसं होती."

त्यानं हे खाली मान घालून, लहान आवाजात म्हटलं. माझ्या हातात प्लास्टरचा साचा होता, तो मी खाली ठेवला, कारण फेकला असता. म्हटलं, "आणि तेव्हा? तेव्हा तर चारच होती."

तो जबड्यांच्या शेल्फाकडे वळला. मग बोलला. बँड त्यानं काढला होता. गाणी तो लिहायचा. आणि तालमीला येणारी माणसं ऐकून निघताना माझ्याबद्दल विचारायची. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. "आत काही नाही असं मी म्हटलं ना, ते मला रोज स्वतःबद्दल वाटायचं. तुझ्यावर ढकललं. तुला खरं वाटेल असं वाटलं नव्हतं. तू लगेच वाजवणंच बंद केलंस."

"म्हणजे चूक माझीच!"

"तसं नाही म्हणत मी."

रडायला येत होतं, म्हणून मी ऑर्गनसमोर बसले. वाजवलं. त्याला पाठ करून, सुरुवातीपासून. पाचवं मिनिट गेलं, सहावं गेलं. सातव्यात तो म्हणाला, "इथे."

मी थांबले. "इथे काय?"

"इथे घाई केलीयस. टेपवरही केलीस. तो सूर अजून संपलेला नाही."

माफी नाही, काही नाही, माझ्याच घरात बसून माझ्याच रचनेत चुका! मी त्याला बाहेर काढलं. अक्षरशः दंडाला धरून. दारात सांगितलं, "जे मला म्हणालास ते त्या चाळीस जणांसमोर उभा राहून म्हण. सगळं. तेव्हाचंही. तोवर या घरात पाऊल टाकू नकोस."

तो चपला घालून गेला. जिन्यात एकदा थांबला होता, कठड्याला धरून. मी दार लावून घेतलं.

२५ मे

दुपारी काका धापा टाकत आले. पाणीसुद्धा घेईनात. आज वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक होती, तिथे दादा उभा राहिला आणि सगळं बोलला. टेप माझी आहे. अठरा तारखेला हे माहीत असूनही तो खोटं बोलला. अडतीस वर्षांपूर्वीही खोटं बोलला होता. आणि ज्या गोष्टीसाठी त्यानं टेप डोक्यावर घेतली, तीच गोष्ट दहाव्या अल्बममध्ये आहे आणि ती त्याला ऐकू आली नव्हती, कारण ऐकायची नव्हती.

"मग? काय म्हणाले लोक?"

"वकील म्हणाले, बहिणीच्या दबावाखाली दिलेली कबुली ग्राह्य नाही. त्यांना अजूनही ती जुन्या कीबोर्डवाल्याचीच वाटते. पाच-सहा जण उठून गेले. पोस्टमास्तर म्हणाले, दहावा लावा बघू. तर लावला. पूर्ण ऐकला." काकांनी घाम पुसला. "दादांनी अध्यक्षपद सोडलं. पत्रिकाही सोडली. कागदपत्रांची पेटी तिथेच ठेवून चालत गेले. ताई, तुम्ही जिंकलात."

मी म्हटलं, हो.

काका गेल्यावर त्या आनंदाची वाट बघत बसले. पत्र्याचा डबा काढला, त्यातलं गोड खाल्लं, दोन वेळा. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "आलेत. झोपलेत. भर दुपारी, कपडे न बदलता. घोरतायत." मग म्हणाली, "तुला बरं वाटलं का गं?" ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हटलं, कामं पडली आहेत.

२८ मे

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही.

खोटं. तीन दिवस मी सातवं मिनिट वाजवतेय. तो म्हणाला ते चूक आहे हे सिद्ध करायला बसले होते. जसं टेपवर आहे तसं वाजवलं, मग त्याच्या म्हणण्याप्रमाणे थांबून वाजवलं, आलटून पालटून, वीसदा, तीसदा. काल संध्याकाळपर्यंत मान्य केलं नाही.

त्याचं बरोबर आहे. तो सूर संपलेला नसतो. मी घाबरून पुढे जाते.

आज सकाळी दहा वाजता त्याला फोन लावला. त्यानंच उचलला. "कोण?" म्हणाला. मी रिसीव्हर ऑर्गनवर आडवा ठेवला आणि सहाव्या मिनिटापासून वाजवायला घेतलं. ती जागा आली. थांबले. थांबून राहिले. शेवटपर्यंत वाजवलं, मग रिसीव्हर उचलून कानाला लावला.

कसं झालं, हे मी विचारणार नव्हते. मेले तरी विचारणार नव्हते.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तोही काही बोलला नाही. पण फोन त्यानं ठेवला नव्हता, आणि मग मीही ठेवला नाही.